हरकतदार क्रमांक सात

सफरचंदाची डाळ कैरीच्या डाळीसारखीच लागते, असं चित्रलेखा गेली सतरा वर्षं सांगत आलीय आणि सबनिसांच्या घरात ते अजून कोणालाही पटलेलं नाही. पण चैत्र सिडनीत ऐन पानगळीत येतो, त्याला कोण काय करणार? स्कोफिल्ड्सच्या त्या नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात सुमेधा हिरवी सफरचंदं किसत होती आणि टूनगॅबीहून सकाळीच आलेली तिची नणंद लिंबू पिळून त्यांना आंबट करत होती. अँझॅक डेची सुट्टी, दुकानं बंद, तीन वाजता हळदीकुंकवाला पंचवीस बायका. अशा वेळी नवऱ्याने स्वयंपाकघरात यायचं नसतं, हे शैलेंद्रला चांगलं ठाऊक होतं. तरी तो आला, उघडा लॅपटॉप हातात धरून.

"बाबा कुठेत?"

"बाहेर. मीटर वाचतायत," सुमेधा म्हणाली.

घराच्या कडेचा विजेचा मीटर सासरे रोज दुपारी एक वाजता वाचत आणि वहीत आकडा टिपून ठेवत. मीटर स्मार्ट आहे, आकडे फोनवर दिसतात, हे त्यांना तिघांनी तीनदा सांगून झालं होतं. "मीटर स्मार्ट आहे म्हणूनच वाचायचा," असं त्यांचं त्यावर उत्तर होतं.

शैलेंद्रने लॅपटॉप थेट डाळीच्या परातीशेजारी ठेवला. "हे वाच. सातवं नाव."

सुमेधाने हात पुसून वाचलं. पारसोली शहर, वीज दरवाढ आणि मुदतवाढ याचिका, ऑनलाइन जनसुनावणी, हरकतदारांची यादी. क्रमांक सात: द. वि. सबनीस, वीज आयोगाचे निवृत्त सदस्य, हल्ली मुक्काम स्कोफिल्ड्स, ऑस्ट्रेलिया.

"अगं बाई," सुमेधा म्हणाली.

"अगं बाई काय! ती याचिका आमची आहे."

आमची म्हणजे तेजोमय वीज कंपनीची. आणि तेजोमय विकत घ्यायला निघालेला फंड म्हणजे पॅरामॅटातला, ज्यात शैलेंद्र डायरेक्टर होता. पारसोलीची वीज पंधरा वर्षांपूर्वी सरकारी मंडळाकडून काढून तेजोमयला दिली गेली होती. ती मुदत आता संपत आली होती. मुदतवाढ आणि दरवाढ मिळाली तर फंड कंपनी घेणार होता, आणि फंडाने कंपनी घेतली तर शैलेंद्र पार्टनर होणार होता. फंडात मराठी कळणारा तो एकटाच, म्हणून आज गुंतवणूकदाराच्या वतीने सुनावणीत तोच बोलणार होता. भारतातल्या सकाळी अकराला, म्हणजे इथल्या दुपारी साडेतीनला.

"बाबांना सुनावणीचं कळलं कुठून, माहितीये का?" शैलेंद्रचा आवाज चढला. "त्यांच्या जुन्या ड्रायव्हरकडून, पारसोलीच्या नंदूकडून. आणि त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही!"

"तू तरी त्यांना कुठे सांगितलंस की फंड पारसोली घेतोय म्हणून?" चित्रलेखा लिंबाची बी काढत म्हणाली.

"ते कॉन्फिडेन्शियल होतं, ताई!"

"मग त्यांचंही असेल कॉन्फिडेन्शियल."

तेवढ्यात दत्तात्रय सबनीस, वय शहात्तर, वही काखेत मारून आत आले. तिघांचे चेहरे आणि परातीशेजारचा लॅपटॉप पाहून त्यांना सगळं कळलं.

"यादी आली वाटतं," ते म्हणाले. "वेळेत आली. पूर्वी आदल्या रात्री यायची."

*

सबनिसांच्या घरात भांडण होत नसे, सुनावणी होई. ही चाल शैलेंद्रच्या लहानपणापासूनची. वीज आयोग तेव्हा जन्मालाही आला नव्हता, पण बाबांच्या अंगात तो आधीपासून होता. दहा वर्षांच्या शैलेंद्रने सायकलसाठी लेखी अर्ज दिला होता आणि त्यावर बाबांनी चार पानी सकारण आदेश देऊन तो फेटाळला होता. या सगळ्याला माणसात आणलं ते आईने. तिने एकच दुरुस्ती सुचवली आणि ती कायमची मंजूर झाली: ज्याच्या विरुद्ध आदेश जाईल, रात्रीचं जेवण त्याच्या आवडीचं. सायकल मिळाली नाही त्या रात्री शैलेंद्रने श्रीखंड-पुरी खाल्ली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली, नियम राहिला.

"सुनावणी घ्या," चित्रलेखा म्हणाली. "अर्ध्या तासात उरका. मला अजून पन्हं करायचंय."

"अध्यक्ष कोण? बाबा तर पक्षकार आहेत," सुमेधा म्हणाली.

सगळ्यांनी ईशानीकडे पाहिलं. ईशानी म्हणजे शैलेंद्र-सुमेधाची लेक, तेरा वर्षांची, शाळेच्या डिबेटिंग टीममध्ये, त्या वेळी गौरीपुढे मांडायच्या लाडवांपैकी एक खात होती.

"मी? सीरियसली?" तिने हात झटकले आणि आजोबांच्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसली. "ओके. डॅड फर्स्ट. टू मिनिट्स."

शैलेंद्रने दोन मिनिटांत बरंच सांगितलं. तेजोमय येण्याआधी पारसोलीत आठ-आठ तास वीज नसायची. आकडे टाकून चोरी चालायची, ट्रान्सफॉर्मर जळला की महिना महिना तसाच. कंपनीने ते सगळं बदललं. त्यासाठी पैसा लागला, पुढेही लागणार. तो पैसा सरकारकडे नाही, फंडाकडे आहे. "आणि मुख्य म्हणजे, माझ्याच वडिलांनी माझ्या विरोधात उभं राहायचं? ग्रांटला कळलं तर मी गेलोच. प्लीज विथड्रॉ करा, बाबा. एवढंच मागतोय."

ग्रांट हा त्याचा साहेब. तोही आज सुनावणी ऐकणार होता, एक अक्षर न कळता.

"आजोबा?"

दत्तात्रयांनी चष्मा काढला. "वीज आली, हे खरं आहे. कंपनीने काम केलं, हेही खरं. माझी हरकत दरवाढीला नाहीच, मीटरला आहे. बेटा, भाजीवाला वजनात मारतो असं वाटलं तर आपण दुसऱ्या भाजीवाल्याकडे जातो. विजेच्या खांबाशेजारी दुसऱ्या कंपनीचा खांब नसतो. जायचं कुठे? म्हणून निदान तराजू तरी तिसऱ्याच्या हातात हवा. पारसोलीत मीटर कंपनीचा, तो जोरात पळतो अशी तक्रार केली तर तपासणार कंपनी, आणि निकाल देणार कंपनी. पंधरा वर्षांत नऊ हजार तक्रारी आल्या. त्यातले किती मीटर सदोष निघाले असतील?"

"हाऊ मेनी?"

"अकरा."

"दॅट्स सो डॉजी, घपला आहे हा," अध्यक्ष म्हणाल्या.

"आमचा नंदू. आयोगात माझा ड्रायव्हर होता. आता पारसोलीत पिठाची गिरणी चालवतो. गिरणी महिनाभर बंद होती, तरी बिल चालू गिरणीचं आलं. तक्रार केली, तर मीटर निर्दोष."

"म्हणजे सासूबाईंनी मीठ जास्त घालायचं आणि खारट झालं का तेही सासूबाईंनीच सांगायचं," सुमेधा बोलून गेली आणि नवऱ्याकडे पाहून गप्प झाली. सकाळपर्यंत ती त्याच्या बाजूची होती. पार्टनर झाल्यावर घ्यायचा सोफासुद्धा तिने बघून ठेवला होता.

चित्रलेखा मात्र आता भावाकडे सरकली. "पण बाबा, हरकत नंदूच्या नावाने देता आली असती की. तुमचंच नाव कशाला? आम्हाला इथे राहायचंय."

"तेजोमयला पारसोली देणारा तो मूळ आदेश माझा आहे, चित्रा. खाली माझी सही आहे."

"आदेश, आदेश!" शैलेंद्र उठलाच. "आयुष्यभर तेच ऐकलं. मी देश सोडून निघालो त्या दिवशीसुद्धा तुम्हाला आदेशच संपवायचा होता. सगळ्यांचे वडील एअरपोर्टवर होते. माझे आले मी आत गेल्यावर!"

दत्तात्रयांनी चष्मा पुन्हा लावला, पुन्हा काढला. बोलायचं असेल तर ते नोंदी काढून बोलत. या विषयावर त्यांच्याकडे नोंदी नव्हत्या.

"ऑर्डर," ईशानी म्हणाली. तिचाही आवाज जरा बारीक झाला होता. "दोघं अटेंड करू शकतात. आजोबा डाउनस्टेअर्स, डॅड अपस्टेअर्स. रिलेटेड आहात हे स्वतःहून सांगायचं नाही, बट इफ आस्क्ड, नो लाइंग. दॅट्स इट."

"मग हरलं कोण?" चित्रलेखाने विचारलं. "जेवण कोणाच्या आवडीचं?"

"निकाल रिझर्व्ह्ड," अध्यक्ष म्हणाल्या आणि लाडू संपवायला निघून गेल्या.

*

साडेतीनला शैलेंद्र वरच्या खोलीत दार लावून बसला. स्क्रीनवर आयोगाचं सभागृह दिसत होतं, मध्ये अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना सदस्य, आणि खाली छोट्या छोट्या चौकटींमध्ये हरकतदार. सातव्या चौकटीत बाबा होते. त्यांनी कोट घातला होता. तो कोट त्यांनी भारतातून आणला होता हेच शैलेंद्रला माहीत नव्हतं. मागे पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट दिसू नये म्हणून त्यांनी चादर टांगली होती, आणि ती ईशानीची, कांगारूंची होती.

खाली हॉलमध्ये बायका जमल्या होत्या. सुमेधाने दोन्ही खोल्यांची दारं ओढून घेतली आणि सगळ्यांना हळू बोलायची विनंती केली. पंचवीस मराठी बायकांना हळू बोलायला सांगणं म्हणजे काय, ते तिलाही माहीत होतं. त्यातून अत्तर लावून होईपर्यंत कोणीतरी उखाण्यांचा हट्ट धरला, आणि पहिली पाळी अर्थातच मोठ्या नणंदेची. चित्रलेखाने शाळेत वीस वर्षं गाणं शिकवलं होतं. हळू आवाज तिला जन्मजात नव्हता.

वर अध्यक्षबाई म्हणत होत्या, "हरकतदार क्रमांक सात, आपला माइक सुरू करा. गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी, आपणही सुरू ठेवा, लगेच उत्तर लागेल."

दोन्ही माइक सुरू झाले आणि आयोगाच्या सभागृहात, दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून, एकाच वेळी घुमलं:

"अँझॅक डेची सुट्टी, दुकानं सारी बंद, मोहनरावांना बारा महिने बार्बेक्यूचा छंद!"

त्यामागून टाळ्या. त्याही दोन्हीकडून.

डावीकडचे सदस्य खोकले. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हरकतदार आणि गुंतवणूकदार यांच्याकडे एकच उखाणा कसा काय ऐकू येतोय?"

विचारलं गेलं होतं. खोटं बोलायचं नव्हतं.

"मॅडम, आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे," बाबा म्हणाले.

"आणि प्रतिनिधींकडे?"

"तेच आहे, मॅडम," शैलेंद्र म्हणाला. "एकच घर आहे. हरकतदार क्रमांक सात माझे वडील. उखाणा घेतला ती बहीण."

"आणि मोहनराव?"

"मेव्हणे. ते इथे नाहीत. बार्बेक्यू करतायत."

सभागृह खो खो हसलं. शैलेंद्रच्या फोनवर ग्रांटचा मेसेज आला: सगळे का हसतायत, मेट? गुड साइन? शैलेंद्रने फोन पालथा घातला.

अध्यक्षबाईंनी हसू आवरलं. "नातं नोंदवून घेतलं. कोणाची हरकत? नाही. सबनीससाहेब, आपली हरकत मी वाचली. पण मला वेगळंच विचारायचंय. २०१० चा मूळ आदेश आपला. मीटर तपासणीचं काम कंपनीकडेच ठेवणारा परिच्छेद आपल्याच सहीने गेलाय. आपल्यासारख्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं कसं?"

सातव्या चौकटीत बाबांनी आधी कोटाचं बटण लावलं.

"मी ती पानं वाचली नव्हती, मॅडम. मसुदा कंपनीच्या वकिलांच्या सूचना घालून संध्याकाळी पाच वाजता टेबलावर आला. सही वाचून दुसऱ्या दिवशी करायला हवी होती, पण मुदत त्याच दिवशी संपत होती. आणि रात्री माझ्या मुलाचं विमान होतं. शेवटची सहा पानं मी न वाचता सही केली. परिच्छेद त्या सहा पानांत होता." ते थांबले. "एवढं करून एअरपोर्टला पोचायला उशीर तो झालाच. म्हणजे दोन्हीकडे नापास. मुलाकडे तर आता काही दुरुस्ती दाखल करता येत नाही. इथे करता येते, म्हणून ही हरकत."

खाली कोणीतरी दुसरा उखाणा घ्यायला लागलं होतं. सुमेधाने तिला मध्येच थांबवलं असावं, कारण घर एकदम गप्प झालं. बाबांच्या खोलीचं दार नीट लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"प्रतिनिधी," अध्यक्षबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मीटर तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडे द्यावी, खर्च कंपनीचा, आणि जुन्या तक्रारीही पुन्हा तपासाव्यात, अशी मागणी आहे. गुंतवणूकदारांचं म्हणणं?"

शैलेंद्रसमोर फंडाच्या वकिलांनी लिहून दिलेलं उत्तर होतं. विरोध, तीन कारणं, पर्यायी समिती. नऊ हजार मीटर पुन्हा तपासायचे म्हणजे किती परतावे निघतील, त्याचा त्याला अंदाज होता. सोफा, पार्टनरची पाटी, ग्रांट, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर ओळीने येऊन गेलं. आणि त्याला स्वतःचाच राग आला, की पंधरा वर्षं आपण एकच पान वाचून निकाल देऊन बसलो होतो.

"गुंतवणूकदारांची हरकत नाही," तो म्हणाला. "आणि ज्या कंपनीचे मीटर तपासायची भीती वाटते ती घ्यायलाच नको, असं माझं मत आहे. तेही नोंदवून घ्या."

पालथा घातलेला फोन थरथरत होता.

*

बायका पन्हं पिऊन, ओट्या घेऊन सहाच्या आत गेल्या. ओटीतले हरभरे घरभर सांडले होते. चित्रलेखा तोंड लपवून भांडी घासत होती.

"ताई, तुझ्यामुळे सगळं झालं," शैलेंद्र म्हणाला.

"मी हळूच म्हटलं होतं रे!"

"पुढच्या वर्षी मेसेजवर घ्या उखाणे," सुमेधा म्हणाली. तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोफा काय, जुना अजून चांगला आहे."

ईशानी लॅपटॉपवर टपोऱ्या अक्षरात टाइप केलेला आदेश घेऊन आली. "सो, हू लॉस्ट? सांगा. डिनरचं ठरवायचंय."

"मी," बाबा म्हणाले.

"मी," त्याच वेळी शैलेंद्र म्हणाला.

"दोघांची हार मान्य," ईशानी म्हणाली. "काय खाणार?"

बाबांनी कोट काढून खुर्चीला लावला. "गुळपोळ्या."

"आत्ता? गूळ किसायचा, तीळ भाजायचे?" सुमेधाने कपाळावर हात मारला. "हे बघा, नियमात आजपासून दुरुस्ती. हरलेल्याने स्वतः करायचं."

तर संध्याकाळी साडेसहाला आयोगाचे निवृत्त सदस्य गूळ किसत होते आणि फंडाचे डायरेक्टर कणीक तिंबत होते. फोन वाजला. शैलेंद्रचे दोन्ही हात कणकेत होते, म्हणून ईशानीने उचलून वाचला.

"ग्रांट. 'वी नीड टू टॉक. मंडे, नाइन.'"

"म्हणजे सोमवारपर्यंत स्थगिती आहे," बाबा म्हणाले. "स्थगितीत काम चालू ठेवता येतं. पोळी लाट."

पहिली पोळी फुटली. दुसरीचा गूळ तव्यावर गेला. बाबा खाली बघत बोलायला लागले.

"त्या दिवशी तुझ्या आईने तुझ्यासाठी गुळपोळ्यांचा डबा भरला होता आणि गडबडीत घरीच विसरली. तिने मला ऑफिसात फोन केला. मी डबा घ्यायला वाट वाकडी केली, म्हणून तो उशीर. मी पोचलो तेव्हा तू आत गेला होतास. ती रडत होती. मी तिला सांगून टाकलं, ओळखीच्या अधिकाऱ्याकरवी डबा आत पोचवला."

"आणि डबा?"

"नंदूच्या गाडीत. मग माझ्या कपाटात. मुंग्या लागल्या तेव्हा पोळ्या टाकल्या. ती गेली तोवर तिला सांगितलं नाही मी. आयुष्यातलं एवढं एकच खोटं, तेही पचलं."

शैलेंद्रचं लाटणं थांबलं.

"बाबा, मी इथे पोचल्यावर आईचा पहिला फोन आला ना, तेव्हा तिने विचारलं होतं, गुळपोळ्या कशा झाल्या होत्या. मला कळेचना, कुठल्या गुळपोळ्या."

"मग?"

"मग काय. तिचा आवाज ऐकून म्हटलं, मस्त झाल्या होत्या, विमानातच संपवल्या."